भिंतीकडे वळलेल्या मुठी

१

फॉर्म एकोणतिसाव्या दिवशी आला. मुदत संपायला एकच दिवस उरलेला असताना, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, टपालाच्या ढिगात सगळ्यात खाली. असा फॉर्म पाठवणाऱ्याला तो कोणी नीट वाचू नये असंच वाटत असतं, हे कंट्रोलबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती.

कंट्रोलबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये वायरलेसच्या टेबलावर त्यांनी बावीस वर्षं काढली, म्हणून ते चिकटलं. नवा कायदा आला तेव्हा वरिष्ठांनी त्यांची उचलबांगडी करून या नोंद विभागात आणून बसवलं. एक खोली, दोन कपाटं आणि चालू केला की हवेपेक्षा कागदच जास्त हलवणारा पंखा. माणसाला अडगळीत टाकायला याहून सोयीची जागा सापडली नसती. पण बाई जितक्या फटकळ, तितक्याच चिवट. आल्या दिवसापासून त्यांनी एकही फॉर्म न वाचता पुढे ढकलला नव्हता.

कायद्याचं नाव हातभर लांब होतं. ठाण्याठाण्यांतून त्याला नुसतं ‘नोंद कायदा’ म्हणत. पोलीस स्वतःच्या हाताने गेला, किंवा हत्यारामुळे कसाही गेला, तर ठाण्याने तीस दिवसांत सगळं कळवायचं, हा त्याचा पहिला भाग. त्यात हयगय करणाऱ्याला शिक्षा होती, त्यामुळे तो सगळ्यांना तोंडपाठ. दुसरा भाग मात्र फार कोणी वाचला नव्हता. ज्या पोलिसाला स्वतःचा भरवसा वाटेनासा होईल त्याने आपलं हत्यार जमा करावं, त्याला कारण कोणी विचारू नये, कुठे लिहूही नये, असं तिथे होतं. आणि ज्या ठाण्यात एखाद्याने जीव दिला तिथे आठवड्याच्या आत डॉक्टरांचं मदत पथक जाऊन बसेल, असंही होतं.

अपघात असला तर मात्र फाइल बंद. पथक नाही, डॉक्टर नाही, काही नाही.

या फॉर्मवर अपघात असंच लिहिलेलं होतं. ठाण्याचे लेखनिक हवालदार, वय सेहेचाळीस, रेकॉर्डच्या खोलीत पिस्तूल साफ करताना गोळी सुटली. सोबत एक फोटो जोडला होता. माणसाला तोवर हलवलेलं होतं, फक्त टेबल आणि खुर्ची दिसत होती. टेबलावर साफसफाईचं किट: तेलाची बाटली, फडकं, लाकडी मुठीची सळई, तसल्याच मुठीचा ब्रश. सगळं ओळीत, टापटीप.

बाईंनी फोटो खिडकीशी नेला. मग त्या आपल्या टेबलाशी बसल्या, फूटपट्टी आणि पेन्सिल समोर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. बाजूच्या टेबलावरचा कारकून बघतच राहिला.

“काय करताय बाई?”

“पेन्सिल उचलायची तर टोक कुठे आणि मागची बाजू कुठे हवी, ते बघतेय.”

फोटोतलं टेबल भिंतीला चिकटलेलं होतं. खुर्ची अलीकडे होती. आणि सळईची मूठ, ब्रशची मूठ, दोन्ही भिंतीकडे होत्या. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सळई धरायची तर हात पार भिंतीपर्यंत न्यावा लागला असता. स्वतःसाठी कोणी असं मांडत नाही. भिंतीच्या बाजूला तर कोणी बसूच शकत नव्हतं.

म्हणजे ते किट त्याने मांडलं नव्हतं. तो गेल्यावर कोणीतरी मांडलं होतं.

बाईंनी आपलं रजिस्टर उघडलं. आजवर सतरा नावं. त्यातल्या चार ठाण्यांत एकामागून दुसरा गेला होता, तोही दोन महिन्यांच्या आत, आणि दर वेळी तो दुसरा पहिल्याच्या अगदी जवळचा होता. आता एक महिना उलटला होता. अपघात लिहून फाइल मिटवली तर त्या ठाण्यात कोणी फिरकणारसुद्धा नव्हतं. हा दुसरा कोण, एवढंच त्यांना उद्या संध्याकाळी पाचच्या आत शोधायचं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई त्या ठाण्यात पोचल्या. ठाणेप्रमुख गोड बोलणारे गृहस्थ होते. गोड बोलणाऱ्यांचा बाईंना पहिल्यापासून धसका.

“तुम्ही कशाला तसदी घेतलीत? एक फोन केला असता.”

“फोनवर टेबल दिसत नाही, साहेब.”

साहेबांचं हसू जरा आखडलं, पण त्यांनी खोली दाखवली. जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठे, एक झरोका, आणि भिंतीला लावलेलं ते टेबल. बाई सरळ जाऊन खुर्चीत बसल्या. साहेबांना ते आवडलं नाही. बाईंनी हात लांब केला. भिंतीजवळ पोचायला त्यांना कमरेतून वाकावं लागलं.

“गोळीचा आवाज झाल्यावर पहिलं आत कोण आलं?”

“ड्रायव्हर. गाडी धूत होता, आवाज ऐकून धावला. त्याच्या मागोमाग शस्त्रागाराचे काका. ड्रायव्हर रुग्णवाहिका बोलवायला पळाला, काका थांबले मास्तरजवळ. मी बंदोबस्तावर होतो, वीसेक मिनिटांनी पोचलो.”

“मास्तर?”

“आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. अक्षर असं, की आरोपीसुद्धा आपला जबाब बघून खूश व्हायचा.” साहेब झरोक्याकडे बघत म्हणाले, “चांगला माणूस होता. अपघात आहे, बाई. त्याच्या घरच्यांना उगाच त्रास नको.”

“नोंद कायद्याचं परिपत्रक मिळालंय ना इथे?”

“मिळालंय तर! अंमलबजावणी चालू आहे.”

बाहेरच्या बोळात सूचनांचा फलक होता. बाईंनी सवयीने तो वरपासून खालपर्यंत वाचला: बदल्यांची यादी, पाणी जपून वापरा, एका हरवलेल्या कुत्र्याचा फोटो, खेळांच्या स्पर्धा. मग त्या मागच्या अंगणात गेल्या.

ड्रायव्हर खरोखरच गाडी धूत होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलका.

“ताई, त्या टेबलाला मी बोटसुद्धा लावलं नाही. खरं सांगायचं तर मला मास्तरकडेच बघवेना, टेबल कुठून बघणार?” तो हसला. “तो गेल्यापासून ठाण्यात कोणाचं अक्षर लागत नाही बघा. आता सगळे चोर आमच्या अक्षरापायी सुटणार.”

“तो कसा होता शेवटी शेवटी?”

फडकं दारावर फिरत राहिलं. “ती बस जळाली ना, तिचे जबाब त्यानेच घेतले. एकोणीस. एकेका मेलेल्याचा बाप, आई, बायको असे समोर येऊन बसायचे आणि हा लिहायचा. नंतर मला म्हणाला, डोळे मिटले की वीस नंबरचा माणूस येऊन बसतो, आणि तो काही बोलतच नाही.”

“हे कोणाला सांगितलं का तुम्ही?”

“कोणाला सांगणार? इथे असं काही बोललं की माणूस कायमचा कामातून जातो. हातातलं पिस्तूल जातं, मग गाडी जाते, मग फायली उचलत बसा.”

“आणि तुम्हाला झोप लागते?”

“मला? पडल्या पडल्या घोरतो. बायकोला विचारा हवं तर.”

गाडीचं तेच दार तो तिसऱ्यांदा धूत होता. बाईंना वाटलं, हाच असेल तो दुसरा. त्यांना त्याच्याबद्दल वाईटही वाटलं आणि भीतीही वाटली. पण टेबलाला हात न लावल्याचं तो खरं बोलत होता, हे त्याच्या आवाजावरून त्यांना कळलं. मग किट मांडलं कोणी?

३

शस्त्रागार बोळाच्या टोकाला होतं. लोखंडी दार, आणि बाजूला गजांची खिडकी. खिडकीला हातभर रुंद फळी होती. फळीच्या पलीकडे काका बसलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. ठाण्यातल्या प्रत्येकाचं पिस्तूल सकाळी याच खिडकीतून जायचं आणि संध्याकाळी इथेच परत यायचं.

“चौतीस वर्षं झाली,” काका म्हणाले. “एक गोळी इकडची तिकडे नाही. आठ महिन्यांनी सुटतो.”

“त्या दिवशी मास्तरने किट कधी नेलं?”

“सकाळीच. पिस्तुलाबरोबर.”

“स्वतः मागितलं?”

“हो.” हे हो जरा उशिराने आलं. बावीस वर्षं फक्त आवाज ऐकून काढलेल्या बाईला तेवढा उशीर पुरतो.

तेवढ्यात एक शिपाई आला. “काका, किट द्या. आज माझा साफसफाईचा दिवस.”

काकांनी न बघता मागच्या खणातून एकेक वस्तू काढली. बाटली, फडकं, सळई, ब्रश. फळीवर ओळीत मांडली. मांडताना त्यांनी दोन्ही मुठी स्वतःपासून दूर, शिपायाच्या बाजूला केल्या, म्हणजे त्याला सरळ हात घालून उचलता याव्यात. शिपायाने वस्तू घेतल्या आणि तो गेला.

चौतीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांसाठी मांडत आला होता. मुठी नेहमी समोरच्याकडे. घाबरलेला असो, घाईत असो, हात थरथरत असोत, मांडायचं म्हटलं की त्याचे हात तेच करणार. त्या दिवशी मास्तरच्या खुर्चीशी उभं राहून त्याने मांडलं, आणि समोर भिंत होती.

कोण ते कळलं होतं. का ते कळलं नव्हतं. बाईंनी लगेच तोंड उघडलं नाही. घाबरलेल्या माणसावर झडप घातली की तो तोंडाला कुलूप लावतो, हा त्यांचा अनुभव. त्यांनी फक्त हत्यारांची वही बघायला मागितली.

काकांनी ती गजांतून सरकवली. मास्तरच्या मृत्यूच्या दिवसाचं पान. नाव, पिस्तुलाचा क्रमांक, वेळ, सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्या पानावरचे सगळे शेरे रिकामे, फक्त मास्तरच्या नावापुढे काहीतरी लिहून ते इतक्या जोरात खोडलेलं होतं की कागद फाटायचा बाकी होता.

“हे काय काका?”

“शाई सांडली.”

“शाई कधी रेघा मारते का?”

काकांनी वही परत ओढून घेतली. “साडेदहा वाजले. माझी खिडकी बंद करायची वेळ झाली,” ते म्हणाले, आणि झडप खाली आली.

४

मास्तरचं घर दोन खोल्यांचं. त्याची बायको पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करायची. वस्तीत सगळे तिला वहिनीच म्हणत. बाहेरच्या खोलीत एक उघडलेला पंखा पसरलेला होता, आणि ती हातात पाना घेऊन त्याच्यासमोर बसली होती.

“महिनाभर लोक येतात आणि अपघात अपघात म्हणून जातात,” वहिनी म्हणाल्या. “माझी समजूत घालतात की स्वतःची, कोण जाणे. मी वीस वर्षं संसार केलाय, ताई. मला काय कळत नाही?”

बाईंनी तयारी करून आणलेलं सांत्वन गिळून टाकलं. “तुम्हाला काय लिहायला हवंय त्या फॉर्मवर?”

“खरं. दुसरं काय? लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही सगळे खोटं बोलणार, आणि मी जन्मभर त्याला पिस्तूल साफ करता येत नव्हतं असं म्हणत बसू?” त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. “फक्त एक गोष्ट मला छळते. त्या दिवशी सकाळी तो बरा होता. कितीतरी दिवसांनी बरा होता.”

“कसं कळलं?”

“नीट जेवला. बूट घालताना म्हणाला, आजपासून मी पिस्तूल घेतच नाही, काही दिवस ते शस्त्रागारातच राहू दे. नवा नियम आलाय, कारणसुद्धा सांगावं लागत नाही. मग डॉक्टरकडेही जाऊ म्हणाला, दोघं मिळून. ताई, माझा जीव असा भांड्यात पडला! मी कधी दारापर्यंत सोडायला जात नाही, त्या दिवशी गेले.”

पाना त्यांच्या हातातून पंख्याच्या जाळीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही.

“मी रोज तेच घोकते. ज्याने ठरवलं होतं की पिस्तूल घ्यायचंच नाही, त्याच्या हातात ते आलं कसं?”

बाईंनी पाना उचलून वहिनींच्या हातात दिला. खोडलेला तो शेरा काय असेल, हे त्यांना आता दिसायला लागलं होतं, आणि ते दिसतंय याचं त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं.

५

परतताना बसमध्ये त्यांनी आपली फाइल मांडीवर उघडली. परिपत्रक त्यांनीच प्रत्येक ठाण्याला पाठवलं होतं, आणि प्रत्येक ठाण्याकडून पोचपावती आली होती. त्यातली या ठाण्याची त्यांनी शोधून काढली. तारीख मृत्यूच्या पाच महिने आधीची. ‘परिपत्रक मिळाले, वाचले.’ एवढेच शब्द, पण अक्षर असं वळणदार की छापलेलं वाटावं.

मास्तरचं अक्षर. टपाल त्याच्याच हातात आलं होतं. ठाण्यात तो नियम माहीत असलेला जवळजवळ तो एकटाच होता.

ठाणेप्रमुखांसमोर बाईंनी ती पावती ठेवली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

“परिपत्रक कुठे आहे, साहेब? फलकावर नाही.”

साहेबांनी आढेवेढे घेतले, घाम पुसला, मग टेबलाचा खालचा खण उघडला. परिपत्रक कोरं करकरीत होतं.

“बाई, तुम्ही मला समजून घ्या. माझ्याकडे चाळीस माणसं. हे लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी निम्मी पिस्तूल ठेवून मोकळी झाली असती. म्हटलं जरा थांबू, नीट समजावून सांगू, मग लावू.”

“काकांना तरी सांगितलं होतंत?”

“नाही.”

“मास्तर काही म्हणाला होता?”

साहेबांनी परिपत्रक हातात घेतलं. गोडवा कुठल्या कुठे गेला होता. “त्यानेच ते माझ्या हातात दिलं. म्हणाला, साहेब, हे लवकर लावा. मी म्हटलं, तू लिहायचं काम कर.”

बाहेर कोणाचा तरी वायरलेस खरखरला आणि थांबला. साहेबांना बहुधा विषय बदलायचा होता. टेबलावरचा एक जाड गठ्ठा पुढे सारत ते म्हणाले, “चुका होतात हो. पण माणसं सोन्यासारखी आहेत माझी. हे बघा, काकांनी निवृत्तीला आठ महिने असताना सगळ्या शस्त्रागाराची हस्तांतराची यादी करून दिली. एकेक गोळी मोजून. म्हणाले, माझ्यामागे कोणाला अडचण नको.”

“कधी दिली?”

“आत्ता, तासाभरापूर्वी.”

ज्याचं काम आठ महिन्यांनी संपणार आहे तो माणूस आज दुपारी, सही-शिक्क्यासकट, सगळं मागे आवरून ठेवत होता. आणि ठाण्यातलं प्रत्येक हत्यार त्याच्या ताब्यात होतं. सकाळी त्या शेऱ्याबद्दल विचारून, त्याला तसाच सोडून आपण निघून गेलो, हे आठवून त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

“साहेब, शस्त्रागाराची दुसरी किल्ली आहे?”

“आहे, पण ते आतून कडी घालतात... का?”

बाई उत्तर द्यायला थांबल्या नाहीत.

६

खिडकीची झडप बंद होती. लोखंडी दारामागे काहीच आवाज नव्हता. मागून साहेब आणि ड्रायव्हर धावत आले. बाईंनी हात करून दोघांना बोळाच्या तोंडाशी थांबवलं आणि स्वतः दाराला टेकून खाली फरशीवर बसल्या. फाइल त्यांनी ड्रायव्हरकडे सरकवली आणि तिच्यावरचा मदत पथकाचा नंबर लावायला खुणेनेच सांगितलं.

“काका, मी कंट्रोलबाई. सकाळी आले होते ती.”

काही नाही.

“मी सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?”

आत खुर्ची सरकली. मग आवाज आला, अगदी दाराजवळून. “असं कोणी विचारतं का, बाई?”

“मी विचारते. न विचारून एकदा पस्तावलेय.” बाईंनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. “कंट्रोलला होते तेव्हाची गोष्ट. एका चौकीवरून एक शिपाई भर दुपारी बोलला, किती वाजले? मी सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा, किती वाजले? पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, अहो, एखादं घड्याळ घ्या. टेबलावरचे सगळे हसले. त्याला वेळ नको होती, काका. कोणाशी तरी बोलायचं होतं. चौथ्यांदा तो बोललाच नाही.”

दारापलीकडे श्वासाचा आवाज येत होता.

“आता तुम्ही सांगा. मास्तर त्या दिवशी खिडकीशी येऊन काय म्हणाला?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला अंदाज आहे. माहीत फक्त तुम्हाला आहे.”

काका बोलायला लागले तेव्हा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. “म्हणाला, काका, आज मला पिस्तूल देऊ नका. मी म्हटलं, का रे? तो म्हणाला, कारण विचारायचं नसतं आता. मला काय ठाऊक? मी म्हटलं, बाबा, न्यायचं नसेल तर शेरा लिहावा लागतो, साहेब तो बघतात, तुझं भलं नाही होणार. मी लिहायला घेतलं, ‘स्वतःहून नको म्हणाला’. त्याने ते वाचलं. आणि म्हणाला, राहू दे काका, खोडा ते, द्या. मीच खोडलं. मीच दिलं. मला वाटलं, मी त्याचं भलं करतोय.”

“आणि किट?”

“वहिनींसाठी मांडलं. असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे माझ्यासाठी मांडलं. अपघात असला की मी नुसता खिडकीतला माणूस. नाहीतर...” आवाज तुटला. “चौतीस वर्षं एक गोळी इकडची तिकडे नाही, बाई.”

बाईंना घाईघाईने तुमची काही चूक नाही म्हणावंसं वाटलं. पण खोटा दिलासा समोरच्याला लगेच ओळखू येतो, आणि मग तो पुढचं काहीच ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“तुमच्या हातून चूक झाली,” त्या म्हणाल्या. “झाली, काका. पण ती चूक न करण्याचा कागद साहेबांच्या खणात होता. तुम्हाला कोणी दाखवलाच नाही. त्याला तो नियम माहीत होता, तुम्हाला नव्हता, आणि मधे ही खिडकी होती. एवढंच झालं.”

“मग आता मी काय करू?”

“जबाब द्या. आज पाचच्या आत मला फॉर्म पुरा करायचा आहे. तुम्ही गेलात तर मी काय लिहिणार? स्वतःच्या हाताने गेला, बस्स. मास्तर त्या दिवशी इथे वाचण्यासाठी आला होता, त्याला जगायचं होतं, हे जगात एकट्या तुम्हाला माहीत आहे. तुमच्याबरोबर तेही जाईल. त्याच्या बायकोला मग ते कोण सांगणार?”

बोळात कोणी हललं नाही. ड्रायव्हर भिंतीला कपाळ टेकून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. साहेबांच्या हातात परिपत्रक तसंच होतं. बाईंना किती वेळ गेला ते कळलं नाही. मग आतली कडी सरकली.

“किल्ल्या आतच राहू द्या,” बाई उठत म्हणाल्या. “तुम्ही तेवढे बाहेर या.”

काका बाहेर आले. रिकाम्या हातांनी आले. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि उन्हात अंगणात नेऊन बाकावर बसवलं. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी तो दंड सोडला नाही.

फॉर्म पाचला दहा मिनिटं कमी असताना पुरा झाला. ‘अपघात’ हा शब्द ठाणेप्रमुखांनी स्वतःच्या हाताने खोडला. परिपत्रक कुठे होतं तेही त्यांनी लिहून दिलं, कोणी सांगण्याआधी. त्याबद्दल साहेबांवर पुढे व्हायची ती कारवाई झाली. मदत पथक दुसऱ्याच दिवशी ठाण्यात बसलं, आणि डॉक्टरांच्या दाराशी पहिला उभा होता तो पडल्या पडल्या घोरणारा ड्रायव्हर.

काय झालं होतं ते बाईंनी वहिनींना त्याच संध्याकाळी थोडक्यात कळवलं. पण बाकीचं काकांनीच सांगायचं, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तीन आठवडे गेले. मग बाई त्यांना घेऊन गेल्या. दारातच काकांनी टोपी काढली.

“वहिनी, तो पिस्तूल मागायला आला नव्हता. नको म्हणायला आला होता. मी दिलं.”

वहिनी चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला की बाईंनी नकळत एक पाऊल पुढे टाकलं.

“तुम्हाला माफ करीन की नाही, मला माहीत नाही, काका,” वहिनी म्हणाल्या. “आज तर नाहीच.”

काकांनी मान हलवली आणि ते जायला वळले.

“थांबा.” वहिनींनी टेबलावरची अवजारं एका हाताने बाजूला सारली आणि खुर्ची पुढे ओढली. “तो खिडकीशी आला, मग? त्याचा आवाज कसा होता? हसला का? बसा इथे. अगदी पहिल्यापासून सांगा.”